शोधापूर्वीची सिद्धता
(मठाच्या वर्धापनोत्सवातील विद्यार्थी-संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मठाच्या वर्धापनोत्सवात कीर्तन, प्रवचन आणि पारायण ह्यांच्या जोडीला नोकरीच्या शोधासारखा रोकडा विषय का घ्यावा, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असल्यास तो अस्थानी नाही. पण विद्यार्थ्याला अन्न, निवारा आणि चार पुस्तके देण्याचे कार्य आपल्याकडील मठांनी परंपरेने केले आहे. तो शिकून बाहेर पडल्यावर त्याचे काय होते, ही विचारपूस त्याच कार्याचा उत्तरार्ध होय. पदवीचा कागद हाती आला आणि पुढे तीन वर्षे घराच्या ओटीवर बसून काढावी लागली, तर त्या अन्नाचे आणि त्या पुस्तकांचे सार्थक झाले असे म्हणवत नाही. म्हणून विश्वस्तांनी हा विषय सुचविला तेव्हा मी तो आनंदाने पत्करला.

आपल्या भाषेत एक प्रयोग रूढ आहे. ‘अमक्याला नोकरी लागली’ असे आपण म्हणतो. झाडाला फळ लागावे, सोडतीत बक्षीस लागावे, त्याच चालीवर नोकरीही लागते! ह्या क्रियापदात एक समजूत दडलेली आहे. ती अशी, की नोकरी ही दैवाने किंवा कोणाच्या शब्दाने येणारी वस्तू असून उमेदवाराने केवळ वाट पाहावयाची असते. दैवाचा आणि ओळखीचा वाटा मी नाकारीत नाही. परंतु ज्या भागावर आपली सत्ता चालते तो भाग आपण पुरतेपणी हाताळतो का, हा खरा प्रश्न आहे. त्या भागाचेच नाव सिद्धता. आज मला जे सांगावयाचे आहे ते एका वाक्यात सांगता येईल. नोकरीची तयारी म्हणजे ‘मला येते’ असे म्हणण्याची तयारी नव्हे. जे येते ते दुसऱ्याला दिसेल अशा रूपात मांडण्याची तयारी होय.

ह्याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाच्या चरित्रातून घेतो. श्रीनिवास रामानुजन ह्यांच्यापाशी पदवी नव्हती. महाविद्यालयाच्या पहिल्या टप्प्याची एफ. ए. परीक्षा त्यांना उतरता आली नव्हती, कारण गणिताखेरीज इतर विषयांत ते मागे पडत. १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. आपण मॅट्रिक आहोत, एफ. ए. पर्यंत शिकलो पण अडचणींमुळे पुढे जाता आले नाही, आणि मधला काळ गणितात घालविला, हे त्यांनी सरळ लिहिले. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका गणिताच्या प्राध्यापकाचे शिफारसपत्र जोडले. १ मार्च १९१२ पासून दरमहा ३० रुपयांवर ते कामावर रुजू झाले. पुढील वर्षी, १६ जानेवारी १९१३ रोजी, त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना जे पत्र लिहिले त्यातही विद्यापीठाचे शिक्षण आपल्याला नाही हे आरंभीच सांगून टाकले आणि पत्रासोबत आपल्या सिद्धान्तांची पाने जोडली. त्यापूर्वी केंब्रिजच्याच दुसऱ्या दोन गणितज्ञांकडून त्यांच्या पदरी काही पडले नव्हते. तिसऱ्याने ती पाने वाचली, आणि पुढचा इतिहास आपण जाणताच.

आपण कोणी रामानुजन नाही, हे खरे. परंतु त्या दोन पत्रांची घडण प्रतिभावंताची नसून शहाण्या उमेदवाराची आहे, आणि ती कोणालाही साधण्याजोगी आहे. उणीव लपविली नाही, तिच्यावर रडगाणेही गायिले नाही; आणि जे येत होते ते सोबत जोडून दिले. ह्या तीन गोष्टी ज्या अर्जात असतात तो अर्ज निदान वाचला तरी जातो.

आता तुमच्यापैकी अनेकजण मनात म्हणत असतील, की जोडावयास आमच्यापाशी आहेच काय? आम्ही तर आताच परीक्षा दिली. ही समजूत बहुधा चुकीची असते. कारण जे केले त्याची कोणी नोंदच ठेवलेली नसते. म्हणून पहिले काम असे करा. एक साधी वही घ्या आणि तिच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात ‘मी काय केले’, दुसऱ्यात ‘कोणासाठी व किती काळ’, तिसऱ्यात ‘त्यातून काय निष्पन्न झाले’. गेल्या चार-पाच वर्षांत हाताखालून गेलेले प्रत्येक काम त्यात लिहा. ते कॉलेजातील असो, घरच्या दुकानातील असो, गणेशोत्सव मंडळाच्या हिशेबाचे असो की ह्याच मठाच्या अन्नछत्रातील वाढप्यांच्या पाळ्या लावण्याचे असो.

उदाहरणार्थ, वाणिज्य शाखेची पदवीधर विद्यार्थिनी अर्जात लिहिते, ‘मला हिशेबाची आवड आहे व मी परिश्रमी आहे.’ वाचणाऱ्याला ह्यातून काहीच बोध होत नाही, कारण हेच वाक्य दुसऱ्या शंभर अर्जांत असते. तीच मुलगी जर लिहील, की खडेबाजारातील एका कापडाच्या दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी मी दोन वर्षे टॅलीवर लिहिली, वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रासाठी बिलांची जुळणी केली, तर वाचणारा थांबतो. परिश्रम हा शब्द तिने वापरलेला नाही, पण तो त्याला दिसला. यंत्रविद्येचा पदविकाधारक ‘मला उत्पादनाचे ज्ञान आहे’ म्हणण्याऐवजी उद्यमबागेतील ओतशाळेत सहा आठवडे असताना साचा फुटण्याची, ओतीव कामात हवेची भोके राहण्याची कोणती कारणे त्याने पाहिली, हे दोन ओळींत लिहील तर मुलाखतीचा निम्मा मार्ग त्याने तेथेच आक्रमिला. शास्त्रशाखेच्या विद्यार्थ्याने प्रयोगवही नीट ठेवली असेल तर तिची चार पानेही दाखविण्याजोगी असतात. संगणकाच्या विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली आणि चालणारी एक लहानशी आज्ञावली दहा प्रमाणपत्रांपेक्षा अधिक बोलते.

आणि वही भरताना जो रकाना रिकामा राहील, तोच पुढील सहा महिन्यांचा अभ्यासक्रम समजा. ही वही म्हणजे आपलीच आपण घेतलेली परीक्षा आहे. ती कोणाला दाखवावयाची नसल्याने तिच्यात खोटे लिहिण्याचे कारणही नाही.

वहीतून अर्ज तयार होतो. परिचयपत्र, ज्याला आजकाल सर्वत्र ‘बायोडेटा’ किंवा ‘रेझ्युमे’ म्हणतात, ते नवपदवीधराचे एका पानाहून मोठे असू नये. प्रत्येक जागेसाठी ते नव्याने जुळवावे. खोटे घालू नये असे नव्हे, तर खोटे घालावयास जागाच उरू नये इतके ते नेमके असावे. वर्षाचा खंड पडला असेल तर तो का पडला हे एका वाक्यात सांगावे. घरातील आजारपण, पैशाची अडचण, परीक्षेतील अपयश ह्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. लाजिरवाणे आहे ते मुलाखतीत पकडले गेलेले असत्य.

नीटनेटकेपणाबद्दल मी अधिक बोलत नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, ह्याचा विचार परमार्थाच्या ग्रंथात करणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. तेथील बोरूच्या आणि शाईच्या जागी आता संगणकाची कळफळी आली. परंतु समासात जागा सोडणे, एकाच वळणाचे अक्षर ठेवणे, शुद्धलेखन तपासणे आणि दुसऱ्याकडून एकदा वाचून घेणे ही शिस्त तीच राहिली.

ह्याच्या जोडीचे एक रुक्ष पण निर्णायक काम म्हणजे कागदपत्रे. शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, पदवीवर तिसरे, अशी अवस्था आपल्या भागात विशेष आढळते. एके ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे गावाचे नाव जोडलेले, कोठे कन्नड उच्चाराप्रमाणे स्पेलिंग तर कोठे मराठी उच्चाराप्रमाणे. निवड झाल्यावर कागदपत्रांच्या पडताळणीत ह्याच कारणाने उमेदवार अडकतात आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ उरत नाही. ती दुरुस्ती आज, परीक्षेचा निकाल लागण्यापूर्वी करून घ्या. जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे दाखले लागणार असतील तर त्यांची मुदत पाहून ठेवा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकर ह्या सरकारी सोयीत जी प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत ती उतरवून घ्या; आणि मूळ प्रती घरात एका जागी, आईवडिलांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा.

आता शोधाच्या वाटांकडे वळू. प्रत्येक दाराची पुरावा मागण्याची रीत निराळी असते, हे ध्यानात न घेतल्याने पुष्कळ श्रम वाया जातात. केंद्र सरकारच्या गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ च्या पदांसाठी १ जानेवारी २०१६ पासून मुलाखत बंद झाली आहे. तेथे लेखी परीक्षा आणि असेल तेथे कौशल्यचाचणी हाच पुरावा. खाजगी कारखान्यात किंवा कचेरीत गुणपत्रिका केवळ दारापर्यंत नेते. आत नेते ते तुम्ही केलेले काम. शाळेत शिक्षक व्हावयाचे असेल तर शिक्षणशास्त्राची पदवी आणि पात्रता परीक्षा ह्यांच्या बरोबरीने एक तास शिकवून दाखवावे लागते. ज्या दाराशी जावयाचे तेथे काय दाखवावे लागते, हे आधी विचारून घ्या.

सर्वांत दुर्लक्षित दार शिकाऊ उमेदवारीचे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने प्रथम कारागिरांची सोय झाली. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही त्यात आले. आणि पुढे कला, वाणिज्य, विज्ञान ह्या शाखांच्या पदवीधरांनाही ती वाट मोकळी झाली. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन दरमहा किमान ९,००० रुपये ठरविले. एवढ्या रकमेत काय भागते, असे पालक म्हणतात. पण ही रक्कम पगार नव्हे. वर्षभराचे प्रत्यक्ष काम आणि त्याचे प्रमाणपत्र ही खरी मिळकत आहे. ज्याच्या वहीचा पहिला रकाना रिकामा आहे त्याने तो भरण्याचा ह्याहून सरळ मार्ग मला ठाऊक नाही. ह्याखेरीज सेवायोजन कार्यालयांच्या जुन्या कल्पनेला नवे रूप देऊन २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा ही केंद्र सरकारची नोंदणीव्यवस्था सुरू झाली. तेथे उमेदवाराला नोंदणीस पैसे पडत नाहीत.

दुसरी वाट ओळखीची. ‘ओळख’ म्हटले की आपल्याला वशिला आठवतो. परंतु ओळखीचा एक निर्मळ उपयोगही आहे. एखाद्या परिचिताकडे जाऊन ‘काका, मला नोकरी लावून द्या’ म्हटले की तो संकोचतो, कारण ते बहुधा त्याच्या हाती नसते. त्याऐवजी, ‘काका, तुमच्या खात्यात नवा माणूस पहिल्या वर्षी नेमके काय करतो? त्याला कशात अडचण येते? मी आधी काय शिकावे?’ असे विचारा. माणसे आपल्या कामाविषयी आनंदाने बोलतात. अशा दहा भेटी झाल्या की ज्या क्षेत्रात जावयाचे त्याची भाषा तोंडात बसते. आणि जागा रिकामी झाली की त्याच काकांना तुमचा चेहरा आठवतो. आपला समाज बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, पणजी, पुणे, बेंगळूर असा सर्वत्र विखुरलेला आहे. उत्सवाला येथे जमणाऱ्या मंडळीत डॉक्टर, लेखापाल, कारखानदार, बँकेतील अधिकारी सारे असतात. प्रसादाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला त्याच्या कामाविषयी विचारण्यास कोणाची हरकत आहे?

आता एका नाजूक विषयाला हात घालतो. तो म्हणजे भाषा. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाभागातील मराठी मुलांना हा प्रश्न वारशाने मिळत आला आहे. भाषिक हक्कांचा विचार स्वतंत्र आहे आणि त्याचे व्यासपीठ निराळे आहे. मी केवळ उमेदवाराच्या बाजूने बोलतो. कर्नाटक राज्याच्या सेवेत जावयाचे तर कन्नडाची परीक्षा उतरावी लागते. बँकांच्या लिपिकभरतीत ज्या राज्यातील जागा असेल तेथील भाषा येते की नाही हे तपासले जाते. गोव्याच्या सरकारी जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक व मराठीचे इष्ट म्हणून मागितलेले असते. हे ठाऊक असूनही आपला मुलगा दहावीनंतर कन्नडाचे पुस्तक बंद करतो आणि पंचविसाव्या वर्षी ते पुन्हा उघडतो. ह्यात त्याचेच नुकसान आहे. ज्या पंढरीनाथाला आपल्या संतांनीच प्रेमाने कानडा म्हटले, त्याच्या भक्तांना कन्नड परके वाटण्याचे कारण नाही. हा स्मरणग्रंथदेखील दोन भाषांत निघत आहे, आणि त्यामुळे कोणतीच भाषा उणी झालेली नाही.

त्याचबरोबर मराठी माध्यमातून शिकल्याची खंत बाळगणाऱ्यांना मला सांगावयाचे आहे, की तुमची भाषा हीही एक गाठीची पुंजी आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत किंवा कोकणीत लिहिता येतात. कर्मचारी निवड आयोगाने बहुविध कार्य कर्मचाऱ्यांची परीक्षा २०२३ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज तेरा प्रादेशिक भाषांत देण्याची सोय केली, त्यांत मराठी, कोकणी आणि कन्नड ह्या तिन्ही आहेत. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या नोकरभरतीत तरतूद आहे. जाहिरात बारकाईने वाचून वास्तव्याचा दाखला वेळेवर काढणे मात्र उमेदवाराच्या हाती असते. मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरते इंग्रजी बोलणारा बेळगावचा तरुण कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला, हुबळीच्या गिऱ्हाइकाला आणि गोव्यातील हॉटेलवाल्याला सारख्याच सहजपणे उत्तर देऊ शकतो. हे सामर्थ्य अर्जात ‘ज्ञात भाषा’ ह्या कोरड्या ओळीत पुरून टाकू नका. त्या भाषांतून कोणते काम केले ते लिहा.

इंग्रजीची भीती घालविण्याचा उपाय व्याकरणाच्या जाड पुस्तकात नसून रोजच्या पंधरा मिनिटांच्या मोठ्याने बोलण्यात आहे. वहीतील एक काम निवडावे आणि ते एका मित्राला इंग्रजीतून समजावून सांगावे. वाक्य लहान असले तरी चालेल. ते पूर्ण असावे.

मुलाखतीविषयी अनेक कल्पना प्रचलित आहेत आणि त्यांतील बहुतेक पोशाखाच्या आहेत. स्वच्छ व साधा पोशाख पुरेसा असतो. वेळेपूर्वी वीस मिनिटे पोचावे. शक्य असल्यास आदल्या दिवशी जागा पाहून यावी. त्या संस्थेत काय तयार होते, कोणाला विकले जाते, तिच्या शाखा कोठे आहेत, एवढे वाचून जावे. ‘स्वतःविषयी सांगा’ ह्या पहिल्या प्रश्नाला कुटुंबाचा इतिहास सांगत बसू नये. आपण काय शिकलो, कोणते काम केले आणि ह्या जागेशी त्याचा संबंध काय, एवढे दोन मिनिटांत सांगावे. उत्तर येत नसेल तर ‘हे मला ठाऊक नाही’ असे स्वच्छ म्हणावे, आणि विचाराची दिशा सुचत असेल तर ती सांगावी. समोरचा माणूस तुमची स्मरणशक्ती जितकी पाहतो तितकेच, अडचणीत तुम्ही कसे वागता हेही पाहत असतो. मुलाखत आटोपल्यावर, विचारलेले प्रश्न त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावेत. नकार आला तरी ते पान पुढील मुलाखतीचे पाठ्यपुस्तक होते.

पगाराविषयी बोलण्यात अनमान करू नये. वर्षाला अमुक लाख असा जो आकडा सांगितला जातो त्यात मालकाने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी, उपदानाची तरतूद, विमा आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही बहुधा मिळविलेली असते. म्हणून दरमहा हाती किती येणार हे विनयाने विचारावे. पुण्यात किंवा बेंगळुरात खोलीचे भाडे, जेवण आणि प्रवास वजा जाता काय उरते ह्याचा हिशेब कागदावर मांडावा. किती वर्षे नोकरी सोडता येणार नाही, सोडल्यास किती पैसे भरावे लागतील, अशी अट नेमणूकपत्रात आहे काय, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

येथे एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो तो नोकरी देत नाही, पैसे घेतो. नोंदणी-शुल्क, प्रशिक्षणाची अनामत, लॅपटॉपची हमी अशी त्याची नावे निरनिराळी असतात. घरबसल्या टंकलेखनाचे काम देतो असे सांगून पुढे चुकांबद्दल दंड मागणारे आहेत; मोठ्या कंपनीच्या नावाने बनावट नेमणूकपत्र पाठविणारे आहेत. आखातात जाणाऱ्यांनी, पाठविणारा दलाल १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदलेला आहे काय हे सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत पाहावे. अशा नोंदलेल्या दलालालाही सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरील कर ह्यांहून अधिक घेता येत नाही. गोव्याकडून आलेल्या मुलांना बोटीवरील नोकरीचे आकर्षण असते. त्यांनी नौवहन महासंचालनालयाचा भरतीपरवाना पाहिल्यावाचून पाऊल टाकू नये. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत येणे कठीण. आईच्या बांगड्या मोडून दिलेली रक्कम अशी गेली की घरातील विश्वासही जातो, आणि तो पुन्हा मिळविण्यास पगाराची कित्येक वर्षे पुरत नाहीत.

शेवटी मी विद्यार्थ्यांबरोबर पालकांशीही बोलणार आहे. आपल्या घरांत सरकारी नोकरीची ओढ मोठी आहे आणि ती निष्कारण नाही; स्थैर्य कोणाला नको? पण त्या परीक्षांच्या तयारीला काळाची मर्यादा असावी. नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गाला वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा वेळा बसता येते. सहा वेळा बसता येते ह्याचा अर्थ सहा वेळा बसलेच पाहिजे असा नव्हे. प्रारंभीच घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे, की इतके प्रयत्न, ह्या तारखेपर्यंत. आणि त्या काळातही आठवड्यातील काही तास असे काम करावे की जे वहीच्या पहिल्या रकान्यात लिहिता येईल. मर्यादा न ठरविता वाट पाहणारा मुलगा एकोणतिसाव्या वर्षी हरलेला नसतो. पण त्याच्यापाशी दाखविण्यासारखे काही उरलेले नसते, आणि ते दुःख अधिक खोल असते.

मुलींच्या पालकांना माझी वेगळी विनंती आहे. मुलीला पदवीपर्यंत शिकवून परगावची नोकरी आली की ‘नको’ म्हणावयाचे, हा व्यवहार बरोबर नाही. काळजी खरी असेल तर ती कामाला लावा. राहण्याची जागा स्वतः जाऊन पाहा. त्या गावातील आपल्या नातेवाइकांशी गाठ घालून द्या. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने सांगितलेली समिती आहे काय, हे विचारा. काळजीचे रूपांतर तयारीत होते. नकारात झाले तर ती केवळ भीती ठरते.

आणि पहिली नोकरी लहान वाटली म्हणून तिला नाक मुरडू नका. ज्यांनी ३० रुपयांची कारकुनी पत्करली त्यांचे नाव आज कोणत्या पदाने ओळखले जाते, हे मी सांगावयास नको. पहिल्या नोकरीकडून तीन गोष्टी मिळतात काय तेवढे पाहावे: शिकण्यासारखे काम, शिकविणारा वरिष्ठ, आणि वेळेवर मिळणारा प्रामाणिक पगार. तिन्ही असतील तर ती मोठीच नोकरी समजावी.

विद्यार्थी मित्रांनो, मी सांगितलेल्यापैकी बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, वशिला लागत नाही. एक वही, काही नीट लावलेले कागद, दहा माणसांच्या भेटी, रोजची पंधरा मिनिटे आणि घरच्यांसमवेत ठरविलेली एक तारीख एवढेच लागते. मठाच्या विश्वस्तांना माझी सूचना आहे, की वर्षातून दोन रविवार येथील सभागृह ह्या कामासाठी मोकळे ठेवावे. समाजातील अनुभवी मंडळींनी त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या वह्या आणि अर्ज पाहावेत, लुटुपुटीच्या मुलाखती घ्याव्यात, आणि कोणत्या क्षेत्रात काय चालले आहे ते सांगावे. अन्नछत्राइतकेच तेही पुण्याचे काम होईल. ज्यांना आज येथून जाताना काही करावेसे वाटते त्यांनी रात्री झोपण्यापूर्वी पहिले पान आखावे आणि निदान तीन ओळी लिहाव्यात. उरलेले हळूहळू सुचत जाईल.